निक लुकास

निक लुकास (मूळ नाव: डॉमिनिक निकोलस अँथनी लुकानीज, जन्म: २२ ऑगस्ट, १८९७, न्यूअर्क, न्यू जर्सी, मृत्यू: २८ जुलै, १९८२, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, कोलोरॅडो) हे अमेरिकन गायक आणि गिटारवादक होते. १९२० च्या दशकात रेडिओ, ध्वनिमुद्रिका आणि रंगमंच या तिन्ही माध्यमांत त्यांनी लोकप्रियता मिळवली. मृदू आवाजातील गायनामुळे ते क्रूनिंग ट्रूबडॉर, म्हणजे हळुवार गाणारा फिरता गायक, या बिरुदाने ओळखले जात. १९२२ मध्ये त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या दोन रचना जॅझ गिटारच्या सर्वांत जुन्या एकल ध्वनिमुद्रणांपैकी मानल्या जातात. १९२९ च्या गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे या चित्रपटातील टिपटो थ्रू द ट्यूलिप्स हे त्यांचे सर्वांत गाजलेले गीत होय.

गिटारच्या इतिहासात लुकास यांचे नाव आणखी एका कारणाने घेतले जाते. गिब्सन कंपनीने १९२७-२८ च्या सुमारास निक लुकास स्पेशल ही गिटार बाजारात आणली. लोकप्रिय कलावंताच्या नावाने विकलेली ही पहिली महत्त्वाची गिटार समजली जाते. अशा वाद्यांना आज सिग्नेचर मॉडेल म्हणतात. कलावंताच्या नावामुळे वाद्यात खरोखर काही फरक पडतो की केवळ किंमत वाढते, या प्रश्नाच्या चर्चेत या गिटारीचा दाखला वारंवार दिला जातो.

सुरुवातीचे जीवन

लुकास यांचा जन्म न्यूअर्क शहरात इटलीहून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात झाला. त्यांचे मोठे बंधू फ्रँक हे अ‍ॅकॉर्डियनवादक होते आणि संगीताचे पहिले धडे निक यांना त्यांच्याकडूनच मिळाले. फ्रँक यांनी त्यांना प्रथम स्वरवाचन आणि मँडोलिन शिकवले. मँडोलिनवर स्वर लांबवण्यासाठी तार वेगाने वरखाली छेडावी लागते. या तंत्राच्या सरावामुळे उजव्या हातात आलेली चपळाई पुढे गिटारवादनात त्यांच्या उपयोगी पडली. बालपणीच हे दोघे भाऊ लग्नसमारंभ, बारसे, मद्यालये आणि रस्त्यांवर वादन करून पैसे मिळवू लागले.

मँडोलिननंतर लुकास यांनी बँजो आणि गिटार ही वाद्ये आत्मसात केली. त्या काळातील नृत्यवृंदांत तालाची बाजू सांभाळण्यासाठी बँजोला मागणी होती. बँजोचा आवाज तीक्ष्ण असल्याने तो पितळी वाद्यांच्या गलक्यातही ऐकू येई. गिटार त्यामानाने दुबळी समजली जात असे आणि वाद्यवृंदांत तिला फारसे स्थान नव्हते. व्यावसायिक कारकिर्दीच्या आरंभी लुकास यांनाही मुख्यतः बँजोवादक म्हणूनच काम मिळाले.

बँजोकडून गिटारकडे

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीस ध्वनिमुद्रण पूर्णपणे यांत्रिक पद्धतीने होत असे. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर बसत. कर्ण्यात शिरलेल्या ध्वनीच्या कंपनांमुळे सुई हलून मेणाच्या तबकडीवर खाच पाडत असे. बँजोच्या कडक आघातांमुळे ही सुई उसळण्याचा धोका असे. लुकास यांनी उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणीनुसार, सॅम लॅनिन यांच्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी याच अडचणीवर उपाय म्हणून त्यांनी बँजोऐवजी गिटार आणली. त्यांना कर्ण्याच्या अगदी जवळ बसवण्यात आले आणि गिटारचा ताल समाधानकारकरीत्या मुद्रित झाला.

पुढील दशकभरात अमेरिकन नृत्यवृंदांतून बँजो मागे पडत गेला व त्याची जागा गिटारने घेतली. १९२५ पासून रूढ झालेले विद्युत ध्वनिमुद्रण, रेडिओ आणि मायक्रोफोन ही या बदलाची प्रमुख कारणे होती. हे स्थित्यंतर लुकास यांच्या एकट्यामुळे झाले नाही. मात्र गिटारची उपयुक्तता आरंभीच ओळखणाऱ्या वादकांत त्यांची गणना होते.

१९२२ ची एकल ध्वनिमुद्रणे

१९२२ मध्ये लुकास यांनी पाथे कंपनीसाठी पिकिन द गिटार आणि टीझिन द फ्रेट्स या स्वतःच्या दोन रचना ध्वनिमुद्रित केल्या. दोन्ही रचना कोणत्याही साथीशिवाय, पोलादी तारांच्या गिटारवर पिकने वाजवलेल्या आहेत. पिक म्हणजे तारा छेडण्यासाठी बोटांत धरायची लहान चपटी चकती.

या ध्वनिमुद्रणांपर्यंत एकल गिटारवादन म्हणजे प्रामुख्याने बोटांनी वाजवलेले अभिजात संगीत किंवा हवाईयन पद्धतीचे वादन असा समज होता. लुकास यांच्या रचनांत रॅगटाइमची लय, एकेका स्वराची जलद धून आणि मधूनमधून येणारे स्वरमेळ एकत्र आढळतात. त्यामुळे पिकने वाजवलेली गिटार एकटीनेही श्रोत्यांना धरून ठेवू शकते हे दिसून आले. पुढे ब्रन्सविक कंपनीसाठीही त्यांनी या रचना पुन्हा मुद्रित केल्या. एडी लँग यांच्यासारखे वादक दशकाच्या उत्तरार्धात जॅझ गिटारला अधिक प्रगत रूप देणार होते. लुकास यांचे कार्य त्या आधीच्या टप्प्यावरचे आहे.

रेडिओ आणि ब्रन्सविक

१९२३ च्या सुमारास लुकास हे डॅन रूसो व टेड फिओ रीटो यांच्या ओरिओल टेरेस वाद्यवृंदात होते. हा वृंद शिकागोच्या एजवॉटर बीच हॉटेलात वादन करी आणि तेथून त्याचे रेडिओवर प्रक्षेपण होई. वृंदाच्या कार्यक्रमांच्या मध्यंतरात लुकास एकटे गिटार घेऊन गाऊ लागले. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी त्या काळचे गायक पूर्ण ताकदीने गात. मायक्रोफोनपुढे त्याची आवश्यकता नव्हती. लुकास यांचा हलका व स्पष्ट आवाज घरी बसून ऐकणाऱ्यांना जवळचा वाटला आणि श्रोत्यांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला.

१९२४ मध्ये ब्रन्सविक कंपनीने त्यांच्याशी करार केला. माय बेस्ट गर्ल हे त्यांच्या सुरुवातीच्या यशस्वी गीतांपैकी एक होय. त्यानंतर ब्राउन आइज व्हाय आर यू ब्लू, बाय बाय ब्लॅकबर्ड, साइड बाय साइड आणि आय अ‍ॅम लुकिंग ओव्हर अ फोर लीफ क्लोव्हर ही त्यांची ध्वनिमुद्रणे लोकप्रिय झाली. अनेक ध्वनिमुद्रिकांवर त्यांच्या गायनाला केवळ त्यांच्याच गिटारची साथ आहे. १९२६ मध्ये त्यांनी लंडनमध्येही कार्यक्रम केले.

गिब्सन निक लुकास स्पेशल

पार्श्वभूमी

मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे १९०२ मध्ये स्थापन झालेली गिब्सन कंपनी मँडोलिन आणि कमानदार पृष्ठभागाच्या, म्हणजेच आर्चटॉप, गिटारींसाठी प्रसिद्ध होती. व्हायोलिनप्रमाणे कोरून फुगीर केलेल्या पृष्ठभागामुळे आर्चटॉप गिटारचा आवाज वाद्यवृंदात उठून दिसे. सपाट पृष्ठभागाच्या गिटारींचे उत्पादन गिब्सनने १९२६ च्या सुमारास एल-१ आणि एल-० या साध्या व तुलनेने स्वस्त मॉडेलांपासून सुरू केले. या प्रकारात मार्टिन ही जुनी व प्रतिष्ठित कंपनी होती. या बाजारात पाय रोवण्यासाठी गिब्सनला सर्वपरिचित चेहऱ्याची आवश्यकता होती. त्या वेळी अमेरिकेत गिटार म्हटले की सामान्य श्रोत्याला आठवणारे नाव लुकास यांचे होते.

लुकास यांचीही एक गरज होती. ते रंगमंचावर बहुधा एकटेच गात व वाजवत. अशा वेळी गिटारला तालाबरोबरच खर्जाची बाजूही सांभाळावी लागते. लहान आकाराच्या गिटारीत खर्ज कमी पडतो आणि मोठ्या आकाराची गिटार धरून गाणे अवघड जाते. त्यामुळे लहान घेराची पण अधिक खोल गिटार त्यांना हवी होती.

रचना

निक लुकास स्पेशलच्या सुरुवातीच्या नगांची रुंदी एल-१ प्रमाणेच सुमारे १३½ इंच होती. तिच्या बॉडीची खोली मात्र त्या वर्गातील इतर गिटारींपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त, सुमारे ४½ इंच ठेवण्यात आली. बॉडीतील हवेचे आकारमान वाढले की तिची नैसर्गिक कंपनसंख्या खाली येते व खालच्या स्वरांना अधिक आधार मिळतो. त्यामुळे बाह्य आकार आटोपशीर राहूनही खर्ज भरदार झाला.

सजावटीतही ही गिटार वेगळी होती. हेडस्टॉकवर शिंपल्याचे फ्लर-द-ली हे फुलाच्या आकाराचे चिन्ह जडवलेले असे आणि फिंगरबोर्डवरही शिंपल्याची नक्षी असे. सुरुवातीच्या नगांत ध्वनिछिद्रातून दिसणाऱ्या कागदी लेबलवर लुकास यांचे छायाचित्र छापलेले होते. गिब्सनच्या सपाट पृष्ठभागाच्या गिटारींत हे त्या वेळचे सर्वांत वरच्या दर्जाचे मॉडेल होते.

बदल

सुमारे दहा वर्षांच्या काळात या मॉडेलमध्ये अनेक बदल झाले. बॉडीची रुंदी सुमारे १४¾ इंच करण्यात आली. नेक आणि बॉडी जेथे जुळतात तेथपर्यंतच्या फ्रेटची संख्या सुरुवातीच्या १२ वरून १३ आणि नंतर १४ झाली. मागील व बाजूच्या भागांसाठी महोगनी, ब्राझिलियन रोझवूड आणि मेपल अशी वेगवेगळी लाकडे वापरली गेली. काही नगांत तारा ब्रिजला न बांधता बॉडीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टेलपीसला अडकवलेल्या असत. या रचनेत तारांचा ताण पृष्ठभागावर वेगळ्या रीतीने पडतो आणि आवाजाचा पोतही बदलतो. पुढील काळात अनेक मालकांनी हे टेलपीस काढून साधे ब्रिज बसवून घेतले.

परिणामी निक लुकास स्पेशल या एकाच नावाखाली प्रत्यक्षात बऱ्यापैकी भिन्न आवाजाच्या गिटारी विकल्या गेल्या. जास्त खोली हे वैशिष्ट्य टिकून राहिले, तरी इतर बदल मुख्यतः कारखान्याची सोय आणि बाजाराची मागणी यांनुसार होत गेले. आर्थिक महामंदीमुळे महागड्या वाद्यांची विक्री घटली आणि मोठ्या आकाराच्या गिटारींची मागणी वाढली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस हे मॉडेल जवळजवळ बंद झाले.

शिक्षणपुस्तके व पिक

लुकास यांचे नाव केवळ गिटारपुरते मर्यादित राहिले नाही. पेनसिल्व्हेनियातील अल्टूना येथील निकोमेडी या प्रकाशनसंस्थेने त्यांच्या नावाने पिकने गिटार वाजवण्याची शिक्षणपुस्तके प्रसिद्ध केली. गिटार शिक्षकांची संख्या कमी असलेल्या त्या काळात अनेक नवशिके या पुस्तकांवरून शिकले. डी'अँड्रिया कंपनीने लुकास यांचे नाव छापलेल्या सेल्युलॉइडच्या पिक विक्रीस आणल्या. कलावंताचे नाव असलेल्या सर्वांत जुन्या पिकमध्ये त्यांचा समावेश होतो. या वस्तूंमुळे गिटार, पुस्तक आणि पिक या नवशिक्याला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच वादकाच्या नावाने मिळू लागल्या.

चित्रपट

बोलपटांच्या आगमनानंतर गाणाऱ्या कलावंतांना हॉलिवूडमध्ये मागणी आली. वॉर्नर ब्रदर्सच्या गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे (१९२९) या चित्रपटात लुकास यांनी टिपटो थ्रू द ट्यूलिप्स आणि पेंटिंग द क्लाउड्स विथ सनशाइन ही गीते सादर केली. दोन्हींचे संगीत जो बर्क यांचे व शब्द अल ड्युबिन यांचे होते. दोन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीने चित्रित झालेला हा चित्रपट अत्यंत यशस्वी ठरला आणि टिपटो थ्रू द ट्यूलिप्सच्या ध्वनिमुद्रिकेचा मोठा खप झाला. चित्रपटाचा बराचसा भाग आता नष्ट झाला आहे. शेवटच्या काही दृश्यांचे तुकडे आणि तबकड्यांवरील ध्वनी मात्र उपलब्ध आहे. त्याच वर्षीच्या द शो ऑफ शोज या चित्रपटातही लुकास यांनी काम केले.

वॉर्नर ब्रदर्सने त्यांच्यापुढे सात वर्षांच्या कराराचा प्रस्ताव ठेवला होता, परंतु लुकास यांनी तो स्वीकारला नाही. रंगमंचावरील प्रत्यक्ष कार्यक्रमांना त्यांनी प्राधान्य दिले.

उतरता काळ

१९३० मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ब्रन्सविक कंपनी विकत घेतली आणि लुकास यांना ध्वनिमुद्रणासाठी क्रूनिंग ट्रूबडॉर्स या नावाचा स्वतंत्र वाद्यवृंद मिळाला. ही व्यवस्था अल्पकाळ टिकली. १९३१ च्या अखेरीस ब्रन्सविकचे व्यवस्थापन अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशनकडे गेले. महामंदीमुळे ध्वनिमुद्रिकांचा खप घसरला होता आणि नव्या व्यवस्थापनाने खर्चात कपात केली. लुकास यांचा वाद्यवृंद बंद झाला व १९३२ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. त्याच वर्षी ड्युरियम कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे ही त्यांची मोठ्या प्रमाणावर वितरित झालेली अखेरची ध्वनिमुद्रणे ठरली.

दरम्यान बिंग क्रॉसबी यांच्यासह नव्या पिढीतील गायकांनी मायक्रोफोनचा अधिक कौशल्याने वापर करून श्रोत्यांची पसंती मिळवली. लुकास यांनी रेडिओ, नाइट क्लब आणि नृत्यगृहांतील कार्यक्रम पुढेही चालू ठेवले. १९४४ मध्ये त्यांनी आपली जुनी गीते साउंडीज या लघुचित्रपटांसाठी आणि १९५१ मध्ये दूरचित्रवाणीसाठीच्या स्नेडर टेलिस्क्रिप्शन्ससाठी सादर केली. कॅव्हॅलियरसारख्या लहान कंपन्यांसाठीही त्यांनी ध्वनिमुद्रणे केली.

नव्याने मिळालेली प्रसिद्धी

१९६८ मध्ये टायनी टिम या गायकाने युकुलेलेच्या साथीने, अतिशय उंच पट्टीत गायलेले टिपटो थ्रू द ट्यूलिप्स गाजले. टायनी टिम हे जुन्या गीतांचे अभ्यासू संग्राहक व लुकास यांचे चाहते होते. १७ डिसेंबर १९६९ रोजी जॉनी कार्सन यांच्या द टुनाइट शो या दूरचित्रवाणी कार्यक्रमात टायनी टिम यांचा विवाह झाला, तेव्हा लुकास यांनी स्वतः उपस्थित राहून हे गीत गायले. नव्या पिढीला मात्र हे गीत टायनी टिम यांचेच म्हणून परिचित झाले. इन्सिडियस (२०१०) या भयपटातही त्यांचीच आवृत्ती वापरली आहे.

१९७४ च्या द ग्रेट गॅट्सबी या चित्रपटासाठी लुकास यांनी १९२० च्या दशकातील काही गीते गायली. २८ जुलै १९८२ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे न्यूमोनियामुळे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

निक लुकास स्पेशलचा पुढील प्रवास

उत्पादन थांबल्यानंतर सुमारे पाव शतकाने ही गिटार पुन्हा प्रकाशात आली. १९६० च्या दशकाच्या मध्यात बॉब डिलन हे १९३० च्या दशकातील १३ फ्रेटची निक लुकास स्पेशल वाजवत असत. त्यांच्या १९६५ च्या इंग्लंड दौऱ्यावरील डोंट लुक बॅक (१९६७) या माहितीपटात ती दिसते. एकट्याने गाणाऱ्या वादकाला आवश्यक असलेला भरदार खर्ज आणि आटोपशीर आकार हे या गिटारीचे गुण डिलन यांच्या वादनशैलीलाही अनुकूल होते. डिलन यांच्यामुळे या मॉडेलकडे संग्राहकांचे लक्ष गेले आणि गिब्सनने पुढील दशकांत तिच्या नव्या आवृत्त्या काढल्या. एका कलावंताच्या नावाची गिटार दुसऱ्याच कलावंतामुळे मौल्यवान ठरल्याचे हे उदाहरण आहे.

सिग्नेचर मॉडेल म्हणून मूल्यमापन

वादकाच्या नावाशी जोडलेली वाद्ये लुकास यांच्या आधीही होती. वाहदा ऑलकॉट-बिकफर्ड या अभिजात गिटारवादिकेच्या सूचनेनुसार मार्टिन कंपनीने स्टाइल ४४ ही गिटार तयार केली होती. सजावट टाळून केवळ आवाजाला महत्त्व देणे हे तिचे वैशिष्ट्य होते. परंतु ती अल्प संख्येने व मर्यादित वर्तुळात विकली गेली. हार्मनी कंपनीने रॉय स्मेक यांच्या नावाची व्हिटा ही वाद्ये लुकास यांच्या गिटारीच्या सुमारासच बाजारात आणली. त्यामुळे पहिले सिग्नेचर मॉडेल कोणते, याचे उत्तर व्याख्येनुसार बदलते. तारांकित लोकगायक, मोठी कंपनी आणि व्यापक जाहिरात या तिन्हींचा मेळ निक लुकास स्पेशलमध्ये प्रथम प्रभावीपणे साधला गेला.

पुढील काळातील उदाहरणे दोन टोकांची आहेत. १९३२ पासून सीअर्स कंपनीने टपालाने विकलेली जीन ऑट्री राउंडअप ही स्वस्त गिटार हार्मनीने बनवलेली होती. तिच्यावर गायकाचे नाव व काउबॉयचे चित्र होते. ऑट्री स्वतः मात्र मार्टिनच्या गिटारी वाजवत. १९३३ मध्ये मार्टिनने त्यांच्यासाठी बनवलेली गिटार ही पहिली डी-४५ होय. राउंडअपमुळे अनेक गरीब घरांतील मुलांच्या हाती पहिली गिटार आली, पण ऑट्री यांच्या आवाजाशी तिचा संबंध नव्हता. १९६२ च्या गिब्सन एव्हर्ली ब्रदर्स मॉडेलमध्ये पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंना मोठे पिकगार्ड होते. रंगमंचावर ते आकर्षक दिसत, परंतु त्यांच्यामुळे पृष्ठभागाची कंपने काही प्रमाणात दबत. १९९५ मध्ये मार्टिनने एरिक क्लॅप्टन यांच्या नावाच्या ०००-४२ईसी या गिटारचे ४६१ नग काढले. ही संख्या क्लॅप्टन यांच्या ४६१ ओशन बुलेव्हार्ड या अल्बमवरून ठरवण्यात आली होती. या मॉडेलच्या यशानंतर अशा गिटारींचा व्यवसाय झपाट्याने वाढला.

याउलट रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाच्या प्रसिद्ध छायाचित्रात त्यांच्या हाती गिब्सनची साधी एल-१ आहे. निक लुकास स्पेशल ज्या कुळातून घडली त्याच कुळातील या गिटारीवर तेव्हा कोणाचेही नाव नव्हते. जॉन्सन यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी गिब्सनने त्यांच्या नावाची एल-१ काढली.

या उदाहरणांच्या तुलनेत निक लुकास स्पेशलचे स्थान मधले आहे. तिची सजावट व लेबल विक्रीसाठी होते आणि नाव तसेच ठेवून कंपनीने तिची रचना अनेकदा बदलली. तरीही तिची अधिक खोल बॉडी एका कार्यरत वादकाच्या प्रत्यक्ष गरजेशी निगडित होती. लुकास यांची गाणी विस्मृतीत गेल्यानंतरही वादकांना ती गिटार हवीशी वाटते, याचे मुख्य कारण ही रचना आहे. वादकाच्या गरजेतून वाद्यात झालेला बदल कोणता, हा निकष कलावंताच्या नावाच्या इतर गिटारींनाही लावता येतो. त्या निकषावर राउंडअपचे मोल तिच्या परवडणाऱ्या किमतीत आणि स्टाइल ४४ चे तिच्या आवाजात आढळते.